मण्यांवर मोजलेले श्वास

(उन्हाळी व्याख्यानमालेत ‘जिल्ह्याची आरोग्ययंत्रणा आणि गावाचं स्वास्थ्य’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर विषय ऐसपैस छापला आहे. आरोग्ययंत्रणा म्हटली की उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय अशी उतरंड डोळ्यांपुढे येते. पाच हजार वस्तीला उपकेंद्र, तीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी भागात तीन हजार आणि वीस हजार. भोर समिती, अल्मा-आटाची परिषद, २००५ चं ग्रामीण आरोग्य अभियान हे सगळं इथल्या मंडळींना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवायला नको.

आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, कशानं गेलं याची मोजणी गावातल्याच माणसानं करायची आणि ती गावाला परत ऐकवायची. हे जिथे झालं तिथे यंत्रणा जिवंत राहिली; जिथे झालं नाही तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि माणसं मरत राहिली. डॉक्टर लागतात, औषधं लागतात, रुग्णवाहिका लागते. पण मोजणी आधी.

हे कुठे दिसतं? गडचिरोलीत. चंद्रपूरपासून वेगळा होऊन हा जिल्हा १९८२ मध्ये झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू झाली. आल्या आल्या त्यांनी मोठं रुग्णालय बांधलं नाही. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत राणीताईंनी बायकांची तपासणी केली. ६५० बायका. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका किती? शंभरात आठ. हा निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या समजुतीला जगभर धक्का बसला. दुखणं तिथंच होतं, पिढ्यान्‌पिढ्या होतं. मोजलं कुणी नव्हतं, म्हणून ते कुठल्याच योजनेत नव्हतं.

आता मुलांकडे येऊ. बालमृत्यू मोजायला घेतले तेव्हा न्यूमोनिया हे मोठं कारण पुढे आलं. न्यूमोनियाचं औषध स्वस्त होतं, तोंडानं देता येत होतं. अडचण निदानाची होती. साध्या सर्दी-खोकल्याचं मूल कुठलं आणि न्यूमोनियाचं कुठलं, हे जंगलातल्या पाड्यावर रात्री कोण सांगणार? एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही. जगभरच्या तज्ज्ञांनी सोपी खूण ठरवून दिली होती: श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास पडत असतील, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा जास्त, तर न्यूमोनिया धरून उपचार सुरू करा.

ऐकायला सोपं वाटतं ना? मग आत्ता करून बघा. शेजारी बसलेल्या माणसाच्या छातीकडे बघा आणि एक मिनिट त्याचे श्वास मोजा. त्याला सांगायचं नाही. (हशा) घड्याळ इकडे आहे.

झालं मिनिट. किती? सोळा. बावीस. तिकडे मागे अठ्ठावीस म्हणताहेत. (हशा) एकाच बाकावरच्या दोघांनी मधल्या एकाच गृहस्थांचे श्वास मोजले आणि आकडे वेगळे आले. हे सगळे शिकलेले लोक, डोक्यावर पंखा, समोरचा माणूस गुमान बसलेला. आता तिथे आठ महिन्यांचं रडणारं मूल ठेवा. चिमणीचा उजेड, आईच्या मांडीवर चुळबुळ करणारं पोर, मिनिटाला पन्नासाच्या वेगानं उडणारी छाती. आणि मोजणारी दाई अशी, की जिला दहा-बाराच्या पुढे मोजायची कधी वेळच आली नाही. अंगठा उठवणारी, पण गावातल्या निम्म्या लोकांची नाळ तिनंच कापलेली.

तिच्यासाठी ‘सर्च’नं एक साधं उपकरण बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्याजवळ मण्यांच्या ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, एक त्याहून मोठ्या मुलासाठी. घड्याळ उलटं करायचं आणि श्वास मोजायला लागायचं. दहा झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. पुन्हा दहा, पुन्हा मणी. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर हात गेला, की न्यूमोनिया. औषध सुरू करायचं. साठ हा आकडा तिला म्हणता येण्याची गरजच नाही. तिला दहा येतात ना, मग दहाच पुरतात.

या मण्यांवर एवढा वेळ का घालवायचा, असं काहींना वाटत असेल. पण थोडं थांबावंच लागेल. त्या काळात या देशात आरोग्य-उपकरण म्हटलं की ते परदेशातून यायचं आणि बाई शिकलेली नसेल तर ‘आधी साक्षरता, मग आरोग्य’ असं उत्तर मिळायचं. इथे बाईला येतं तेवढ्या गणितावर उपकरण बेतलं. निदानाचा अधिकार शहरातून तालुक्याला, तालुक्यातून गावात आणि गावातून त्या झोपडीत आला. नुसता आला नाही, टिकलासुद्धा. दाया, गावातले आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कार्यकर्ते यांच्या हातून उपचार झाले. ज्या गावांत हे काम चाललं तिथले न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू, काम नसलेल्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले. १९९० मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

मग लक्षात आलं की उरलेल्या मृत्यूंतला फार मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातला आहे. पुन्हा मोजणी. ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून तयार केलेल्या बायका बाळ जन्मल्यापासून घरी जाऊन ते न्याहाळू लागल्या. निम्म्याहून जास्त नवजात बाळांना उपचार लागावा असं काही ना काही होत होतं, आणि डॉक्टरपर्यंत पोहोचत होती शंभरात जेमतेम दोन-तीन. बाळंतीण घराबाहेर पडत नाही, बाळाला वारा लागू द्यायचा नाही, वाहन नाही, पैसा नाही. रुग्णालय कितीही चांगलं असलं तरी ते बाळ तिथे जाणार नव्हतं. म्हणून उपचार बाळाकडे गेला.

आरोग्यदूत काय बघायची? चांगलं रडणारं बाळ आता क्षीण रडतंय का. दूध ओढायचं थांबलं का. हातपाय सैल पडलेत का. अंगाला हात लावला तर गार लागतंय किंवा तापलंय का. छाती आत ओढली जातेय का. बेंबीतून पू येतोय का. ठरवून दिलेल्या लक्षणांपैकी दोन एकदम दिसली, तर जंतुसंसर्ग समजायचा, आईबापांना दवाखान्यात न्यायला सांगायचं आणि ते जाणार नसतील तर त्यांची संमती घेऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायचं, तोंडानं द्यायचं औषधही सुरू करायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. यावरचा निबंध १९९९ चा.

समोर दुसऱ्या रांगेत हात वर झालेला दिसतोय आणि प्रश्नही कळला आहे. तान्ह्या बाळाला इंजेक्शन, तेही डॉक्टर नसलेल्या बाईनं? हा आक्षेप तेव्हाही जोरात घेतला गेला. आक्षेप घेणाऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणू नये; चुकीच्या हातात सुई गेली तर काय होतं ते त्यांनीच निस्तरलेलं असतं. पण त्यांनी तुलना कशाशी केली? चांगल्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञाशी. गडचिरोलीतल्या त्या घरात बालरोगतज्ज्ञ हा पर्यायच नव्हता. तिथे पर्याय दोन: ही बाई, किंवा कुणीच नाही. आणि ही बाई मोकाट सोडलेली नव्हती. तिचं प्रशिक्षण होतं, तिच्या कामावर देखरेख होती, प्रत्येक बाळाची नोंद होती आणि मृत्यू झालाच तर त्याची चौकशी होती. कुठल्या शहरी दवाखान्यात प्रत्येक मृत्यूची अशी जाहीर झडती होते, हेही आपण विचारलं पाहिजे. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरोघरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपवला. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा भेटी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक. २०१४ मध्ये एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकांना, ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची मुभाही मिळाली. बाकी चर्चा प्रश्नोत्तरांत करू.

जामखेडबद्दल या व्यासपीठावरून आधी बोललं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केलं. आधी शिकलेल्या नर्स गावात पाठवून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावानंच निवडलेल्या बाया, बऱ्याच निरक्षर, बऱ्याच दलित, आरोग्यसेविका झाल्या. बोअरवेल दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्याला सगळं गाव तिकडे येणारच. बालमृत्यू १९७१ मध्ये हजारी १७६ होते, ते पाच वर्षांत ५२ वर आले. या कामाला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं सगळे सांगतात. त्या आरोग्यसेविका दर आठवड्याला जामखेडला जमून गावात काय घडलं ते एकमेकींपुढे मांडायच्या, हे कमी सांगितलं जातं. काम तिथून पुढे सरकत होतं.

आता राज्याचं. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या भागांतल्या स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन जन्म-मृत्यू मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी दप्तरातल्यापेक्षा कितीतरी जास्त मुलं मरत होती. त्यावर फार वादळ उठलं. अधिकारी चिडले, काहींनी पद्धतीवर बोट ठेवलं. पण हे मृत्यू दप्तरात का नव्हते, याचं उत्तर माणसाच्या जागी बसून पाहिलं की समजतं. ज्या कर्मचाऱ्याला जास्त मृत्यू नोंदवले म्हणून बोलणी बसतात, तो कमी नोंदवतो. मोजणीची शिक्षा होत असेल तर कोण मोजेल?

आज गावात ही मोजणी जिच्या हाती आहे ती आशाताई. महाराष्ट्रात आज सुमारे सत्तर हजार आशा आहेत. गावातलीच बाई, साधारण हजार वस्तीमागे एक. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणून घरोघर ऑक्सिमीटर घेऊन ती हिंडली, तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी दार अर्धंच उघडलं होतं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. पण तिला पगार नाही, मोबदला आहे. तोही महिनोन्‌महिने थकतो आणि मग तिला मुंबईत मैदानावर बसावं लागतं. तिची पिशवी कधी उघडून पाहा. गरोदर मातांची यादी, लसीकरणाची यादी, क्षयरोगाची, कुष्ठरोगाची, पाच वर्षांखालच्या मुलांची, शिवाय मोबाइलमधलं ॲप. एवढं सगळं ती लिहिते आणि ते सगळं वर जातं. गटप्रवर्तकाकडे, तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला. गावाकडे काय परत येतं? गेल्या वर्षी आपल्या गावात किती बाळं जन्मली आणि किती दगावली, हे ग्रामसभेत कुणी वाचून दाखवतं का?

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे मानसिक आरोग्य, १०८ ची रुग्णवाहिका, विमा योजना हे सगळं राहिलं. कार्यकर्ते क्षमा करोत. (हशा) दोन गोष्टी मात्र सांगितल्याशिवाय खाली बसता येणार नाही.

एक, गडचिरोलीची दारूबंदी. गावोगावच्या बायकांनी आरोग्याचा प्रश्न म्हणून दारू पुढे केली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. दवाखान्याच्या नोंदवहीत दारू ‘दारू’ म्हणून कधीच येत नाही. मार, अपघात, उपाशी मूल म्हणून येते. ती ओळखली बायकांनी, कारण त्या घरात राहत होत्या. त्याच जिल्ह्यात ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना झोपड्यांच्या रूपात बांधला गेला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि नाव आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. आदिवासींना मोठ्या इमारतीची भीती वाटते हे त्यांनाच विचारून कळलं.

दुसरी, लोकाधारित देखरेख. २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राचं आणि आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायला सुरुवात केली. हिरवा, पिवळा, लाल. मग जनसुनवाई: एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला वैद्यकीय अधिकारी, आणि सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. सुरुवातीला डॉक्टरांना तो अपमान वाटला. पण ज्या डॉक्टरला औषधं वेळेवर मिळत नव्हती त्यालाही लाल रंगाचा उपयोग झाला, कारण वर मागणी करायला त्याच्या हातात गावाचा कागद आला.

इथे बसलेल्या पुष्कळांचं गावी घर आहे, शेत आहे, मतदारयादीत नाव आहे. १ मेला ग्रामसभा असते. त्या दिवशी गावी जाणं होणार असेल तर ग्रामपंचायतीत आधी एक अर्ज द्या: वर्षभरातले जन्म, मृत्यू, बाळंतपणं घरी किती आणि दवाखान्यात किती, हे सभेत मोठ्यानं वाचलं जावं आणि ते आशाताईनं वाचावं. तिचा मोबदला किती महिन्यांचा थकला आहे, तेही त्याच सभेत विचारा. गावची ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती शेवटची कधी बसली, तिचा अबंधित निधी कशावर खर्च झाला, हेही विचारायला हरकत नाही. अर्जाचा नमुना बाहेर टेबलावर ठेवला आहे.

पाच मिनिटं उरली आहेत. दुसऱ्या रांगेतल्या डॉक्टरसाहेबांचा हात अजून वर आहे. इंजेक्शनचा त्यांचा प्रश्न आधी घेऊ.