ठेका धरणारा हात



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘एकल तबलावादनाचे बादशहा उस्ताद अहमदजान थिरकवा’. मी तो आनंदानं घेतला आणि कुणाला न विचारता थोडासा वाकवला. बादशहाबद्दल बोलणारच आहे. पण त्याआधी मला तुम्हाला बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीच्या खेळाला घेऊन जायचंय. तिथे ऑर्गन आणि सारंगीच्या शेजारी हा बादशहा कित्येक वर्षं दुसऱ्याच्या गाण्याला ठेका धरून बसला होता.

खाँसाहेबांचा जन्म १८९२च्या सुमारास मुरादाबादेत झाला. घराणं गाण्याबजावण्यातलंच. तबला शिकायला ते मुंबईला मुनीर खाँसाहेबांकडे आले. पोराची बोटं तबल्यावर नाचताना पाहून मुनीर खाँचे वडील काले खाँ म्हणाले, ही तर थिरकतात! तेव्हापासून ‘थिरकवा’ हे नाव चिकटलं, ते कायमचं. मूळ नाव अहमदजान, हे आज कितीजण सांगू शकतील?

मुनीर खाँकडे अनेक घराण्यांची विद्या साठलेली होती. तिचं महत्त्व कळायला थोडं तबल्याच्या पुडीकडे पाहावं लागेल. कडेची ती चाट, मधली काळी शाई, आणि दोघींच्या मधे उरते ती लव. दिल्लीवाले दोन बोटांत खेळणारे. त्यांचा जीव चाटेत आणि शाईत. आवाज आटोपशीर, बंद. पूरबकडे, म्हणजे लखनौ-फरुखाबादेकडे लव आली, पंजा आला, आस असलेला खुला नाद आला. फरुखाबादच्या हाजी विलायत अलींना सासऱ्यांनी हुंड्यात गती, म्हणजे तबल्याच्या बंदिशी, दिल्या, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे, पण हुंडा घ्यायचाच तर असा घ्यावा! थिरकवांच्या हातात या दोन्ही तऱ्हा नांदत होत्या. ‘धाधा तिट धाधा तिंना’ हा दिल्लीचा साधा कायदा. तो दिल्लीच्या अंगानं वाजवणारा हात पुढच्या क्षणी ‘धिरधिर’साठी पंजा उघडायचा, आणि त्यातलं एकही अक्षर पुसट व्हायचं नाही. आम्ही तबलेवाले याला निकास म्हणतो. प्रत्येक बोल त्याच्या जागेवरून, त्याच्या वजनानं निघायला हवा.

आता नाटकाकडे येतो. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवा आणि गायला बालगंधर्व. बालगंधर्वांची, म्हणजे नारायणरावांची, लय समजून घ्या. ते लयीला कधी धावडवायचे नाहीत, आणि कधी सोडायचेही नाहीत. पद रंगलं की वन्समोअर, पुन्हा वन्समोअर, आणि दर खेपेला तीच ओळ वेगळ्या वळणानं समेवर यायची. या सगळ्यात तबलजीनं काय करायचं? रेल्यांची फैर झाडली तर ‘मानापमान’मधली भामिनी बिचारी गोंधळून जाईल. त्यानं ठेका द्यायचा. लय जागची हलू द्यायची नाही, गायकाला समेपर्यंत हात धरून न्यायचं, आणि मधे श्वासापुरती फट मिळाली तर एखादा नेटका मुखडा घालून पुन्हा गप्प व्हायचं.

ठेक्यात लपायला जागा नसते. द्रुत रेल्यात एखादं अक्षर खाल्लं तरी टाळी मिळते, हे मी स्वतः अनेकदा करून पाहिलेलं आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. पण मध्य लयीतल्या त्रितालाचा एक ‘ना’ बोदा निघाला की मागच्या रांगेतल्या माणसाच्याही कपाळाला आठी पडते. पुढे मैफलीत खाँसाहेब पेशकार मांडायचे, तेव्हा दोन बोलांमधली जागा भरण्याची त्यांना कसली घाई नसायची. ते धैर्य त्यांनी मराठी नाटकाच्या ठेक्यात कमावलं, असं माझं मत आहे. अभ्यासक कदाचित मान्य करणार नाहीत. मुनीर खाँची तालीमच तशी होती म्हणतील. असेलही, पण तालीम मुरायला भांडं लागतं.

नाटक मंडळीनंतर रामपूर दरबार. नवाब रझा अली खाँ स्वतः संगीताचे शौकीन. संस्थानं गेली, तेव्हा खाँसाहेब लखनौला भातखंड्यांनी सुरू केलेल्या महाविद्यालयात शिकवू लागले. गंमत बघा, मुंबईच्या वाळकेश्वरी जन्मलेल्या वकिलानं १९२६ साली लखनौत रोवलेलं ते रोप, आणि तिथे शिकवायला आला तो बालगंधर्वांचा तबलजी. १९७० साली पद्मभूषण मिळालं. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौमध्येच त्यांनी देह ठेवला.

त्यांची विद्या मात्र आपल्याकडे बरीच राहिली. पुण्यात लालजी गोखले, मुंबईत निखिल घोष. आणि ‘गुणीदास’ जगन्नाथबुवा पुरोहित! बुवांना आपण आग्रा घराण्याचे गवई म्हणून ओळखतो, पण तबल्यात ते थिरकवांचे शागीर्द. कोल्हापुरात बुवांनी भाई गायतोंड्यांना तबला शिकवला आणि पुढे भाई थेट खाँसाहेबांकडे गेले. ठाण्यात ज्यांनी भाईंना ऐकलंय, त्यांनी खाँसाहेबांचा तो ‘धा’ ऐकलाय. भाई समजावून सांगत, खाँसाहेब वाजवून मोकळे होत. पण नाद एकाच घरचा.

पुरे झालं माझं बोलणं. आता खाँसाहेबांची एक जुनी तबकडी लावतो. साधारण तीन मिनिटांची आहे. खरखर बरीच आहे, तिच्याकडे कानाडोळा करा. आणि एक विनंती, शेवटच्या ‘धा’नंतर डग्ग्याची आस विरेपर्यंत कृपा करून टाळ्या वाजवू नका.