मानेवरचा हात



गेल्या पावसाळ्यात एक रिक्षाचालक माझ्याकडे आले. खुर्चीत बसले, मान पुढे केली आणि म्हणाले, "मॅडम, मणका सरकलाय. कडकन वाजवून जागेवर बसवा." चार वर्षांपूर्वी त्यांना हे कुणी तरी सांगितलं होतं. तेव्हापासून सिलिंडर उचलणं बंद, उशी बंद, गळ्यात पट्टा. मी त्यांचा एक्स-रे उजेडासमोर धरला. पन्नाशीतल्या कुठल्याही माणसाची असते तशी मान होती. मणका जागच्या जागी होता. हे सांगणारा न्हावी किंवा हाडवैद्य नव्हता, आपल्यासारखीच फिजिओथेरपीची पदवी घेतलेला माणूस होता.

"मणका सरकलाय" हे वाक्य जुनं आहे. 1895 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला. सरकलेला मणका बसला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्यांचा दावा होता. त्यातून कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धती उभी राहिली. आपण सांधे हलवण्याच्या मेटलंडच्या ग्रेड शिकून आलेली माणसं, पण रुग्णाशी बोलताना पामर यांचंच वाक्य आपल्या तोंडी येतं.

मान कडकन वाजते तो आवाजही हाडाचा नसतो. 1971 मध्ये लीड्सच्या संशोधकांनी बोटांच्या सांध्यांवर त्याचा अभ्यास केला. सांधा ताणला की आतल्या द्रवातला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. 2015 मध्ये कॅनडात एमआरआयखाली ती पोकळी प्रत्यक्ष तयार होताना दिसली. आवाज आला म्हणजे उपचार लागू पडला, असं त्यातून काहीच ठरत नाही.

मग मॅनिप्युलेशनचा, म्हणजे सांध्याला दिलेल्या झटक्याचा (थ्रस्टचा), उपयोग नाही का? आहे. मी स्वतः ते करते. 2012 मध्ये मिनेसोटातल्या 272 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनंतर मॅनिप्युलेशन औषधांपेक्षा सरस ठरलं. पण तिसऱ्या गटाला एकेक तासाच्या दोनच भेटींत घरचे व्यायाम शिकवले होते, आणि तो गटही जवळपास तितकाच बरा झाला. माझ्या मते आपल्या धंद्यासाठी ही फार मोठी बातमी आहे. त्या रिक्षावाल्या भाऊंना मी थ्रस्ट दिला नाही. हनुवटी आत घेण्याचा व्यायाम दिला. सिग्नलला थांबले की ते तो करायचे. दीड महिन्याने पट्टा पिशवीत घालून परत आले आणि म्हणाले, "सिलिंडर मीच चढवला वर."

आता अवघड भाग. व्हर्टेब्रल धमनी सहाव्या मणक्यापासून हाडांच्या भोकांतून वर चढते, पहिल्या मणक्यावर वळसा घेते आणि कवटीत शिरते. मान झटक्यात फिरवली की ताण त्या वळशावर येतो. तिचं आतलं अस्तर फाटलं तर पहिली तक्रार बहुधा मानदुखी आणि डोकेदुखी हीच असते. म्हणजे फाटलेली धमनी घेऊनच रुग्ण आपल्या दारात आलेला असू शकतो. ओंटारिओतल्या 2008 च्या अभ्यासात पंचेचाळिशीच्या आतल्या रुग्णांमध्ये या धमनीतल्या बिघाडाने येणाऱ्या स्ट्रोकचा संबंध कायरोप्रॅक्टरकडच्या भेटीशी जसा दिसला, तसाच साध्या डॉक्टरांकडच्या भेटीशीही दिसला. काहीजण याला आपल्या निर्दोषपणाचा दाखला समजतात. मला त्यात दुप्पट जबाबदारी दिसते. अशा मानेला आपण झटका दिला तर?

माझ्या व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी एका तरुण मुलीला मी थ्रस्ट दिला आणि टेबलावरच तिला गरगरलं, उलटी झाली. तासाभरात ती सावरली. तो तास मला आजही आठवतो, कारण तिला सकाळपासून दोन-दोन दिसत होतं, हे मी नंतर विचारलं.

म्हणून दुपारच्या प्रात्यक्षिकाआधीची वीस मिनिटं मी आयोजकांकडून मागून घेतली आहेत. त्यात कुणी टेबलावर झोपणार नाही. रुग्णाला खुर्चीत बसवायचं, रक्तदाब मोजायचा आणि विचारायचं: असं दुखणं याआधी कधी झालं होतं का? चक्कर? दोन-दोन दिसणं? बोलताना, गिळताना अडखळणं? चालता चालता अचानक पडणं? आणि "मणका सरकलाय" हे शब्द न वापरता त्याला त्याची मान समजावून सांगायची. पहिल्या रांगेतल्या विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन यावं.