बँकॉक : आशियाई खेळांचे हक्काचे यजमान

थायलंडची राजधानी बँकॉकने आशियाई क्रीडा स्पर्धा 4 वेळा भरवल्या : 1966, 1970, 1978 आणि 1998 मध्ये. इतक्या वेळा हा मान दुसऱ्या कोणत्याही शहराला मिळालेला नाही. यातल्या दोन स्पर्धा मुळात बँकॉकच्या नव्हत्याच. 1970 चे यजमानपद सोलकडे होते. उत्तर कोरियाच्या धास्तीने आणि खर्चाच्या ओझ्याने त्याने अंग काढून घेतले. 1978 च्या वेळी आधी सिंगापूरने आणि मग पाकिस्तानने माघार घेतली. दोन्ही वेळा थायलंड धावून आला, म्हणूनच स्पर्धेची परंपरा खंडित झाली नाही. या कामगिरीचे श्रेय एरवी फारसे कोणी देत नाही.

आग्नेय आशियाई स्पर्धांची सुरुवातही 1959 मध्ये बँकॉकमध्येच झाली. तेव्हा अवघे 6 देश उतरले होते. 1967 च्या स्पर्धेत खुद्द थायलंडचे राजे भूमिबोल पट्टायाच्या समुद्रात शिडाची होडी घेऊन उतरले. त्यांना आणि राजकन्या उबोलरत्ना यांना मिळून सुवर्णपदक देण्यात आले.

भारतीय पुरुष हॉकीचे तर या शहराशी खास नाते आहे. 1966 मध्ये पाकिस्तानला 1-0 ने नमवून भारताने इथेच पहिले आशियाई सुवर्ण जिंकले. पुढचे सुवर्ण मिळायला 32 वर्षे लागली, तेही बँकॉकमध्येच. 1998 च्या त्या संघाचा कर्णधार होता पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना पेनल्टी स्ट्रोकपर्यंत ताणला गेला आणि गोलरक्षक आशिष बल्लाळने भारताला तारले.