‘संमती’ पडद्यावर कशी दाखवायची?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

मला आज दिलेला विषय असा आहे : विद्यार्थ्यांबरोबर लघुपट करताना एखादी अमूर्त कल्पना पडद्यावर कशी आणायची. मी चित्रपटाचं शिक्षण घेतलेलं नाही. माझं शिक्षण समाजकार्याचं. कॅमेरा कुठे ठेवायचा हे मला मुलांनीच शिकवलं. त्यामुळे मी तंत्राबद्दल फार बोलणार नाही. एका लघुपटाची हकिगत सांगणार आहे. त्यात एक चूक झाली, ती माझी होती, आणि मुख्यतः तीच सांगण्यासाठी मी इथे उभी आहे.

गेल्या वर्षी एका महाविद्यालयातल्या पत्रकारितेच्या वर्गातली सहा मुलं आमच्याकडे आली. चार मुली, दोन मुलगे. त्यांना स्पर्धेसाठी आठ मिनिटांचा लघुपट करायचा होता, विषय होता ‘संमती’. संहिता लिहूनच आणली होती. अंधारी गल्ली, मागून येणारी पावलं, किंकाळी, दुसऱ्या दिवशीची बातमी, मेणबत्त्या, आणि शेवटी पडद्यावर ‘नाही म्हणजे नाही’.

मी वाचून विचारलं, “यात संमती कुठे आहे?”

मुलं गोंधळली. मी म्हटलं, “यात कोणी कोणाला काही विचारतच नाही. हा लघुपट हल्ल्यावर आहे. त्यावरही व्हायला हवा, पण तुमचा विषय वेगळा आहे. संमतीचा प्रश्न जिथे कोणीतरी विचारतं, किंवा विचारल्यासारखं करतं, तिथे सुरू होतो.”

त्यातल्या एका मुलीने बरोबर अडचण मांडली. म्हणाली, “ताई, पण ती दिसत कशी नाही. राग दिसतो, मार दिसतो. संमती तर मनात असते.”

मग आम्ही आपल्या शिबिरांत करतो तसंच केलं. सगळ्यांना सांगितलं, गेल्या आठवड्यात तुम्ही ‘हो’ म्हणालात पण मनात ‘हो’ नव्हतं, असा एक प्रसंग चिठ्ठीवर लिहून आणा. नाव घालू नका. दुसऱ्या दिवशी सहाच्या ऐवजी अकरा चिठ्ठ्या आल्या. एकीने मित्राला मोबाइलचा पासवर्ड दिला होता, कारण ‘विश्वास नाही का’ असं त्याने विचारलं. एकीचा फोटो मावशीने तीन स्थळांना पाठवला होता. विचारल्यावर मावशी म्हणाली, ‘तुला सांगितलं तेव्हा तू काही बोलली नाहीस.’ एका मुलाचा सायन्सचा फॉर्म वडिलांनी भरला होता. एकीने लिहिलं होतं, बाबांनी कागदावर बोट ठेवलं तिथे आईने सही केली, कागद कसले होते हे तिला अजून माहीत नाही.

चिठ्ठ्या वाचताना मुलांच्याच लक्षात आलं की या सगळ्या प्रसंगांत ‘हो’ हा शब्द जवळजवळ नाहीच. मग आहे काय? त्यांनी एका कार्डशीटवर यादी केली : ‘बरं’. ‘चालेल’. ‘बघू’. ‘तुम्ही म्हणाल तसं’. आणि पाचवं, गप्प बसणं. एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडे आईचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ असतं. बाबांचं ‘बघू’ म्हणजे ‘बघू’च असतं.” ती कार्डशीट आमच्या ऑफिसच्या भिंतीवर चिकटवली. ती लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

त्याच बैठकीत मी त्यांना मथुरा प्रकरण सांगितलं. सहांपैकी एकानेही ते नाव ऐकलं नव्हतं. २६ मार्च १९७२, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, पोलीस चौकी. आदिवासी मुलगी, दोन पोलीस. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केली नाही, म्हणजे तिची संमती असली पाहिजे, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हा त्या पत्रातला कळीचा मुद्दा होता. त्यातून देशभर निदर्शनं झाली, संघटना उभ्या राहिल्या. १९८३ साली कायदा बदलला : कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ती नव्हती असंच धरून चालायचं. २०१३ साली संमतीची व्याख्याच कायद्यात आली. ती स्वेच्छेने आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, शब्दांतून किंवा खुणेतून कळवलेली असली पाहिजे, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं म्हणता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या ६३व्या कलमात हीच व्याख्या आहे. नवऱ्याच्या बाबतीत मात्र, बायको अठरा वर्षांच्या पुढची असेल तर, कायद्याने ही व्याख्या अजूनही दाराबाहेर ठेवली आहे.

कार्डशीटवरचा पाचवा मुद्दा, गप्प बसणं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला होता हे मुलांना त्या दिवशी समजलं. तिथून संहिता बदलली.

नवी संहिता साधी होती. एक स्वयंपाकघर. एक मुलगी कांदा चिरते आहे, पोहे भिजवते आहे. बाहेरच्या खोलीत पाहुणे आलेले आहेत. कॅमेरा तिच्या हातांवर, चेहरा एकदाही नाही. बाहेरचं बोलणं फक्त ऐकू येतं : शिक्षण, पगार, नोकरी सोडायची का, लग्न कुठे. मध्येच कोणीतरी आतल्या दिशेने विचारतं, “चालेल ना गं?” हात थांबतात. बाहेर कोणी उत्तराची वाट पाहत नाही, पुढचं बोलणं सुरू होतं. थोड्या वेळाने हात पुन्हा चिरू लागतात.

अमूर्त गोष्ट दाखवायची ती अशी, एवढंच मी शिकले. ‘संमती’ दिसत नाही, पण विचारणं दिसतं, थांबणं दिसतं, वाट न पाहणं दिसतं. शब्द बाजूला ठेवून ‘हे नेमकं कुठल्या घरात, किती वाजता, कोणाच्या हातून घडतं’ असं विचारलं की चित्र सापडतं. खर्च फारसा झाला नाही. मोबाइलवर चित्रण केलं, तिपाई कोणाकडून तरी मागून आणली. सगळ्यात जास्त त्रास आवाजाचा झाला. पंखा बंद ठेवावा लागला, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत आम्ही चार वेळा थांबलो.

आता चुकीकडे येते.

मुलांना वाटलं की पोह्यांच्या प्रसंगाला जोडून खऱ्या बायकांचे आवाज असावेत. मलाही ते पटलं. आमच्या ओळखीतल्या पाच जणींनी आपापला अनुभव सांगितला. चेहरे घ्यायचे नव्हते. मी मराठीत संमतिपत्र तयार केलं, प्रत्येकीला वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. त्यातल्या एका मावशींचा अनुभव ऐकताना कॅमेरा धरलेल्या मुलाचे डोळे भरून आले. ते एक मिनिट चाळीस सेकंद या लघुपटाचा कणा होणार हे सगळ्यांना कळलं. तो अनुभव काय होता हे मी आज सांगणार नाही. का, ते पुढे येईल.

तीन आठवड्यांनी, लघुपट जवळजवळ तयार झाल्यावर, मावशी ऑफिसात आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, “ताई, माझं तेवढं काढून टाका.”

मुलं हवालदिल झाली. चेहरा नाहीच आहे, आवाज बदलू, गावाचा उल्लेख काढू, असे उपाय सुचवू लागली. स्पर्धेला पाच दिवस होते. मी म्हटलं, मी बोलून बघते. संध्याकाळी मावशींच्या घरी गेले. त्यांनी चहा केला. मी त्यांना समजावलं : तुमचं ऐकून दुसऱ्या बायका बोलत्या होतील, तुमच्यासारखं कोणी सांगितलेलं नाही, मुलांनी किती कष्ट घेतलेत. मी खोटं काहीच बोलले नाही. मावशी बराच वेळ कपाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “बरं. तुम्ही म्हणाल तसं.”

मी हलकी होऊन परत आले. मुलांना सांगितलं, काम झालं, मावशी हो म्हणाल्या. एका मुलीने विचारलं, “ताई, नेमकं काय म्हणाल्या?” मी शब्द सांगितले. ती काही बोलली नाही. तिने फक्त भिंतीकडे पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. पहिला आणि चौथा.

मैत्रिणींनो, एम.एस.डब्ल्यू.ला मी माहितीपूर्ण संमतीवर पेपर लिहिला आहे, आणि त्यात मला चांगले गुण आहेत. पण मावशींच्या रेशनकार्डाचं काम मी केलेलं आहे. त्यांच्या सुनेच्या भांडणात मी मध्ये पडलेली आहे. वयाने माझ्या आईएवढी बाई मला ‘ताई’ म्हणते. ती मला ‘नाही’ कशी म्हणणार? तरी ती एकदा म्हणाली होती, स्वतः चालत येऊन म्हणाली होती. आणि मी चहा पिऊन ते ‘नाही’ परत घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले. सांगितलं, तुमचा भाग काढतो आहोत, कालचं माझं चुकलं. त्यांच्यासमोर मोबाइलमधलं आणि संगणकावरचं मूळ ध्वनिमुद्रण पुसलं. मुलांना वाटत होतं की त्या जागी काळा पडदा ठेवावा आणि लिहावं, ‘इथे एका बाईचा आवाज होता, तिने नको म्हटलं.’ कल्पना चांगली होती. पण एक मुलगा म्हणाला, “हेही विचारायला पाहिजे ना?” विचारलं. मावशी म्हणाल्या, “नको. लोक म्हणतील, कोण ती.” तेही काढलं. लघुपट सहा मिनिटांचा झाला, थोडा लंगडा झाला, स्पर्धेत त्याला काही मिळालं नाही. पाहणाऱ्याला त्यात काही कमी आहे हे कळत नाही.

आज हे सांगण्याआधीही मी मावशींना विचारलं, आणि ते छापलं जाईल हेही सांगितलं. या वेळी मी एकटी गेले नाही. ज्यांचं माझ्याशी काही देणंघेणं नाही अशा त्यांच्या शेजारणीला मध्ये ठेवलं, दोन दिवस थांबले. त्यांनी सांगितलं : नाव नको, गाव नको, काम नको, आणि ‘ते’ काय झालं होतं ते नको. बाकीचं सांगा.

आपण सगळ्याच आता मोबाइलवर चित्रण करतो. मोर्चाचं, बैठकीचं, सुनावणीनंतर बाहेर आलेल्या बाईचं. म्हणून चार गोष्टी ठेवते.

एक, संमती एकदाच घ्यायची नाही. बोलण्याआधी, जोडलेला भाग ऐकवल्यावर, आणि नव्या ठिकाणी दाखवण्याआधी पुन्हा. दोन, विचारणारी व्यक्ती तिच्यासाठी कामं करणारी ताई नसावी. ‘नाही’ सांगायला दुसरं कोणीतरी असावं. तीन, खरं सांगा. एकदा चित्रण दहा फोनांवर गेलं की ते परत घेता येत नाही. ‘कधीही काढू’ असं आश्वासन देऊ नका, कुठपर्यंत काढता येईल ते सांगा. चार, कायदा माहीत हवा. बलात्कारित बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. हे कलम, २२८अ, दंडसंहितेत १९८३च्या त्याच दुरुस्तीने आलं, मथुराचं नाव देशभर होऊन गेल्यानंतर. आता ते न्याय संहितेचं ७२वं कलम आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सोचं २३वं कलम आहे. हे नियम वर्तमानपत्रांना आहेत तसे आपल्यालाही आहेत.

कोणी म्हणेल, अशाने चित्रपटच होणार नाहीत. होतात. ‘युगांतर’ गटाने १९८१ साली पुण्यातल्या घरकामगार बायकांवर ‘मोलकरीण’ केला, मग निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर, तो त्या बायकांबरोबर बसून, चर्चा करून. वेळ जास्त लागतो. आम्हाला पाच दिवसांची घाई होती, आणि चूक त्या घाईतच झाली.

आमचा सहा मिनिटांचा लघुपट आम्ही वस्त्यांमध्ये दाखवतो. पोह्यांचे हात थांबतात तिथे बायका हसतात, मग गप्प होतात. नंतर आम्ही कार्डशीट पुढे करतो आणि विचारतो, तुमच्या घरचे शब्द कोणते? यादी आता बरीच लांबली आहे.

मी थांबते. यातलं काही कोणाला पटलं नसेल तर कृपा करून ‘बघू’ म्हणू नका. पटलं नाही असं सांगा. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत इथेच आहे.