हृदयावरील व्रण किती खोल?
(मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे; फायली वाचण्यात आयुष्य गेलेला एक बी. ए. आहे. परंतु हृदयविकाराच्या झटक्यानंतर हाती येणाऱ्या अहवालातील एका वाक्याविषयी आज बोलावयाचे आहे. ते वाक्य असे : 'पुढील भिंतीची हालचाल नाही.' घरची माणसे त्याचा अर्थ 'तेवढे हृदय गेले' असा घेतात. तो नेहमीच खरा नसतो.

रक्तवाहिनी बंद पडली म्हणजे स्नायू एकदम मरत नाही. मरण आतील थरापासून सुरू होते आणि काही तासांत बाहेर सरकते. रायमर व जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून हे दाखविले. रक्तप्रवाह वेळेवर पूर्ववत झाला तर बाहेरचा थर वाचतो. मात्र तो कित्येक दिवस, क्वचित आठवडे, मूर्च्छित राहतो. इको तपासणीत मृत आणि मूर्च्छित दोन्ही स्तब्धच दिसतात.

त्यांतला भेद एम.आर.आय. सांगते. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात. जिवंत पेशींत ते शिरत नाही, लवकर वाहून जाते. जेथे पेशी फुटल्या आहेत वा व्रण झाला आहे, तेथे रेंगाळते. दहा-पंधरा मिनिटांनी घेतलेल्या चित्रात जिवंत स्नायू काळा आणि मृत भाग पांढराशुभ्र उमटतो. आपण उजेडाला प्राण म्हणतो. येथे नेमके उलटे आहे!

शिकागोच्या डॉ. किम व सहकाऱ्यांनी २००० साली ५० रुग्णांची अशी चित्रे बायपास वा अँजिओप्लास्टीपूर्वी घेतली. हालचाल मंदावलेल्या परंतु पांढरेपणा मुळीच नसलेल्या ३२९ भागांपैकी २५६ पुढे सुधारले. जेथे तीन-चतुर्थांशाहून अधिक जाडी पांढरी होती, त्या ५८ भागांपैकी सुधारला अवघा एक.

गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या चित्रात व्रण एक-तृतीयांश जाडीपुरताच निघाला. दूर देशी असलेल्या माणसाला गावाकडील वडीलधाऱ्यांना प्रकृती फोनवरूनच कळवावी लागते. त्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींना सांगण्यासारखे काही मिळाले.

तपासणीस पाऊण-एक तास लागतो. नळकांडे अरुंद, आवाज कर्कश, आणि श्वास पुनःपुन्हा रोखावा लागतो. क्ष-किरण मात्र नसतात. स्टेंट असल्यास सहसा अडचण येत नाही. पेसमेकर किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी सांगणे अत्यावश्यक. प्रत्येकाला ही तपासणी लागतेच असेही नाही. पुष्कळांचे काम इकोवर भागते. आणि छातीत कळ येत असताना तर प्रथम रक्तवाहिनी उघडणे, चित्रे मागाहून.

आपल्यापैकी बहुतेकांची नोकरी बदलीची. नव्या गावी जाताना कागदी अहवालाबरोबर चित्रांची तबकडीही जवळ ठेवावी. तेथील डॉक्टरांना जुना व्रण कोणता आणि नवा कोणता, हे ताडून पाहता येते.