पुसलेली पाटी आणि जपलेली प्रत
(आष्टी, जि. वर्धा येथील शिक्षण परिषदेतील भाषण)



शाळेच्या कपाटातील सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती, असे विचारल्यास जाणता मुख्याध्यापक जनरल रजिस्टराकडे बोट दाखवील. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात व प्रवेशाचा दिवस यांची ती नोंद पन्नास वर्षांनंतर त्याच्या नातवालाही शोधावी लागते. आता अशा रजिस्टरांची छायाचित्रे संगणकात ठेवली जातात, हे उचितच होय. 16 ऑगस्ट 1942 चा आष्टीचा लढा ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्यांच्या आठवणी कोठे ध्वनिमुद्रित असतील, तर त्यांचे मोल याहूनही अधिक. रजिस्टराचे छायाचित्र पुन्हा घेता येते. गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा घेता येत नाही.

समजा, असा संग्रह एका हार्ड डिस्कवर आहे आणि नवी प्रत काढताना चुकून तिच्यावरच दुसऱ्या फाइली उतरवल्या गेल्या. अशा वेळी काय करावे?

प्रथम यंत्राची रीत समजून घ्यावी. फाइल पुसली म्हणजे बहुधा पुस्तकाची केवळ अनुक्रमणिका फाटते. पाने जागेवरच असतात. ती जागा रिकामी आहे असे समजून संगणक तेथे नवा मजकूर लिहितो, तेव्हा मात्र जुना नाहीसा होतो. इ. स. 1229 मध्ये आर्किमिडीजच्या ग्रंथाची चर्मपत्रे खरवडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. चर्मपत्रात जुन्या शाईचा अंश उरला होता, म्हणून 1999 नंतर शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या प्रकाशांत तो मजकूर वाचला. डिस्कवर असा अंश हाती लागत नाही. तथापि नव्या फाइलींनी जेवढी जागा व्यापली नसेल, तेवढ्या जागेतील जुने बहुधा वाचवता येते.

यास्तव पहिला नियम असा, की चूक ध्यानात येताच काम थांबवावे व डिस्क सुरक्षितपणे काढून बाजूला ठेवावी. तिच्यावर नवीन काही उतरवू नये. फाइली शोधण्याचा प्रोग्रामही दुसऱ्या डिस्कवर असावा. शक्य असल्यास आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिकृती करून शोध त्या प्रतिकृतीवरच घ्यावा आणि सापडलेल्या फाइली तिसऱ्या ठिकाणी साठवाव्यात. फोटोरेक हा विनामूल्य प्रोग्राम फाइलींच्या आरंभीच्या खुणांवरून त्या ओळखतो. त्यामुळे छायाचित्रे मिळतात, पण त्यांची मूळ नावे बहुधा मिळत नाहीत. कोणते पान कोणत्या सालचे, हे शिक्षकालाच बसून लावावे लागते. एस.एस.डी. प्रकारच्या डिस्कवर पुसलेला मजकूर यंत्र स्वतःच लवकर साफ करते. तेथे आशा थोडी. डिस्कमधून खरखर ऐकू येत असेल, तर घरगुती उपाय न करता ती जाणकाराकडे न्यावी.

त्याच वेळी दुसरीकडेही शोध घ्यावा. ज्या शिक्षकाने छायाचित्रे काढली त्याचा फोन, ज्याला ती पाठवली त्याचा ई-मेल, बदलून गेलेल्या सहकाऱ्याचा पेनड्राइव्ह, केंद्रशाळेचा संगणक, ही सर्व ठिकाणे पाहावीत. 21 जून 2012 रोजी मंत्रालयास आग लागली, तेव्हा जळालेल्या फाइली पुन्हा उभारण्यासाठी इतर कार्यालयांतील प्रतींचाही आधार घ्यावा लागला.

म्हणून पुढील दंडक पाळावा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर. नवी प्रत काढताना जुनी लगेच पुसू नये. प्रत्येक डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवावी, आणि वर्षातून दोनदा त्यातील चार फाइली उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा कोणी धरू नये. मुलांची माहिती वाटेल त्याच्या हाती पडणार नाही, याचीही दक्षता घ्यावी. मूळ कागदी रजिस्टर तर कधीच टाकून देऊ नये. वाळवी व ओल यांपासून ते पूर्वीप्रमाणेच जपावे.

उद्या एखादा वृद्ध शेतकरी नातवाचा हात धरून शाळेच्या दारी येईल आणि आपल्या वडिलांची नोंद मागेल. त्याला रिकाम्या हाताने परत जावे लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.