परवान्याची परीक्षा आणि आपली तयारी

(चेन्नई येथील मराठी परिचारिकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज रविवार, त्यात चेन्नईचा उन्हाळा, आणि तुमच्यापैकी निम्म्याजणी रात्रपाळी उतरून तशाच इकडे आल्या आहात. तेव्हा प्रास्ताविकात वेळ न घालवता मुद्द्यावर येतो.

आम्ही या शहरातील वेगवेगळ्या रुग्णालयांत काम करणाऱ्या काही मराठी परिचारिका. कोणी रेल्वेची परीक्षा देऊन आलो, कोणी कामगार राज्य विमा महामंडळाची, तर कोणी खासगी रुग्णालयात लागलो. दर पंधरा दिवसांनी एकत्र बसून परीक्षेचा अभ्यास करायचा, असा पाठ आम्ही सुरू केला. युनियनच्या काही जुन्या मंडळींनी तेव्हा विचारले, "परीक्षेचा अभ्यास हे युनियनचे काम आहे का?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्हाला मिळत गेले ते काम करता करता.

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे परिचारिकेला परवाना मिळतो तो राज्याच्या परिषदेत नाव नोंदवून. एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी उत्तीर्ण व्हायचे, प्रमाणपत्र घ्यायचे आणि परिषदेत नोंदणी करायची. मद्रास इलाख्यात याचा कायदा 1926 साली झाला. महाराष्ट्रातील आपली नोंदणी 1966 च्या कायद्याखाली होते. अमेरिकेत शिक्षण पुरे झाले तरी परवान्यासाठी वेगळी परीक्षा असते, तिचे नाव एनक्लेक्स. तिचे दोन प्रकार आहेत. एक 'रजिस्टर्ड नर्स'साठी, दुसरा 'प्रॅक्टिकल नर्स'साठी. ही प्रॅक्टिकल नर्स म्हणजे साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम केलेली आणि रजिस्टर्ड नर्सच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करणारी परिचारिका. आपल्या एएनएमशी तिची तुलना केली जाते, पण ती पुरती जुळत नाही. आपली एएनएम उपकेंद्रात एकटी असते, बाळंतपण करते, लसीकरण करते, घरोघर फिरते. तिकडची प्रॅक्टिकल नर्स बहुतेक वेळा वृद्धांच्या शुश्रूषागृहात किंवा वॉर्डात असते.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण आहे. या शहरात शिकवणीचे वर्ग आणि एजंट यांचे पेव फुटले आहे. एएनएम झालेल्या मुलींना सांगितले जाते, "रजिस्टर्डची परीक्षा अवघड, तुम्ही प्रॅक्टिकलची द्या, वर्षात अमेरिका." आमच्या वर्गातील दोघींनी अशा बोलण्यावर आईचे दागिने गहाण टाकले. वस्तुस्थिती अशी की, परीक्षेला बसू द्यायचे की नाही हे तिकडच्या त्या त्या राज्याचे मंडळ ठरवते, आणि तुमचा अभ्यासक्रम त्यांना चालतो असे लेखी कळल्याशिवाय परीक्षेचे पैसे भरण्यात अर्थ नाही. दुसरे, कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी अमेरिकेच्या कामगार खात्याची जी टंचाईच्या व्यवसायांची यादी आहे, तिच्यात रजिस्टर्ड नर्स आहे, प्रॅक्टिकल नर्स नाही. म्हणजे परीक्षा पास होऊनही दार बंदच राहण्याचा धोका मोठा. एजंट हे सांगत नाही, कारण त्याचे पैसे आधीच खिशात पडलेले असतात.

एजंटाबद्दल आणखी एक. परदेशी भरतीसाठी 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याच्याकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारा. तो देताना जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. तामिळनाडू सरकारचे परदेशी मनुष्यबळ महामंडळ 1978 पासून याच शहरात आहे. आखातात जायचे असेल तर आधी तिथे चौकशी करा.

आता ज्यांना परीक्षा द्यायचीच आहे त्यांच्यासाठी.

एनक्लेक्स 1994 च्या एप्रिलपासून संगणकावर घेतली जाते. तिची पद्धत आपल्या बोर्डाच्या परीक्षेहून अगदी निराळी आहे. प्रत्येक उत्तरानंतर संगणक तुमच्या कुवतीचा अंदाज बांधतो आणि त्याप्रमाणे पुढचा प्रश्न देतो. बरोबर आले की अवघड, चुकले की थोडा सोपा. मागे जाता येत नाही, प्रश्न सोडून देता येत नाही. 2023 च्या एप्रिलपासूनच्या स्वरूपात कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न येतात, वेळ पाच तास. संगणकाची खात्री पटली की तो मध्येच बंद पडतो. आमच्यातील एकीचा 85 व्या प्रश्नाला बंद पडला. बाई लिफ्टमध्येच रडायला लागल्या, रात्री जेवल्याही नाहीत. निकाल आला तेव्हा पास! तेव्हा प्रश्न किती आले यावरून निकालाचा तर्क करत बसू नका.

रेल्वेची परीक्षा याच्या उलट. 2019 च्या भरतीत 90 मिनिटांत 100 प्रश्न होते, त्यातील 70 आपल्या व्यवसायाचे, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. पुष्कळजणी या वजाबाकीला भिऊन निम्मा पेपर कोरा ठेवतात. हिशेब करून पाहा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरीने नफाही नाही, तोटाही नाही. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले, तर उरलेल्या तिनांतून निवडणे फायद्याचेच ठरते. हे गणित आम्ही फळ्यावर मांडले त्या दिवशी वर्गात चांगलीच चुळबूळ झाली, कारण कित्येकींचे मागच्या खेपेचे गुण असे हकनाक गेले होते.

आता खरी अडचण. एक प्रश्न आम्ही वर्गात घातला. रुग्णाला रक्त चढवायला सुरुवात करून दहा मिनिटे झाली. त्याला हुडहुडी भरली, कंबर दुखते म्हणतो. तुम्ही पहिल्यांदा काय कराल? डॉक्टरांना बोलवाल, ताप पाहाल, पॅरासिटामॉल द्याल, की रक्त बंद कराल? बावीसजणींपैकी तेराजणींनी लिहिले, डॉक्टरांना बोलवू. उत्तर आहे, आधी रक्त बंद करा. मग नवी नळी लावून सलाईनने शीर चालू ठेवा, डॉक्टरांना कळवा, पिशवी आणि नळी रक्तपेढीकडे पाठवा. डॉक्टर तिसऱ्या मजल्यावरून येईपर्यंत चुकीच्या गटाचे रक्त रुग्णाच्या अंगात जातच राहील.

या तेराजणी अडाणी नव्हत्या. त्यातील काहींची दहा-दहा वर्षे वॉर्डात गेलेली. त्यांनी चुकीचे उत्तर का दिले? कारण आपल्या वॉर्डात आपल्याला हेच शिकवले गेले: "सरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." काही चांगले झाले तर सरांचे, वाईट झाले तर सिस्टरला मेमो. वर्षानुवर्षे असे काम केलेल्या बाईच्या हाताला निर्णय घ्यायची सवयच राहत नाही, आणि परीक्षा तर नेमका निर्णय मागते. आम्ही मग पाठांतर कमी केले. प्रत्येक पाठाला एकीने आपल्या वॉर्डातला खरा प्रसंग सांगायचा, नावे गाळून, आणि बाकीच्यांनी सांगायचे की आधी काय, मग काय, आणि का. दोन महिन्यांत फरक दिसला. नुसता परीक्षेतच नव्हे. एका सिस्टरने पुढच्याच महिन्यात चुकीच्या मात्रेचे औषध देण्याचे नाकारले आणि तसे नोंदवहीत लिहिले. तिच्यावर कारवाई झाली नाही, कारण नोंद चोख होती.

हिशेबाचाही सराव रोज हवा. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचे आहे, संच मिलिलिटरला 20 थेंबांचा. हजार गुणिले वीस, भागिले 480 मिनिटे, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. आपण वॉर्डात हे नजरेने करतो आणि बहुधा बरोबर करतो, पण कागदावर मांडताना गोंधळतो. पोटॅशियम थेट शिरेत ढकलायचे नाही, साधे इन्सुलिन आधी ओढायचे आणि मग गढूळ, क्षयरुग्णाच्या खोलीत जाताना एन-95 मास्क. हे तुम्हाला येते. ते इंग्रजी प्रश्नातून ओळखता आले पाहिजे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींनी आधी प्रश्नातील 'फर्स्ट', 'नॉट', 'मोस्ट' हे शब्द शोधावेत. विषय येत असून केवळ 'नॉट' नजरेतून सुटल्यामुळे गुण गेलेल्या किती आहेत, हात वर केलात तर सभागृह भरून जाईल.

आता ज्या प्रश्नावरून आम्ही सुरुवात केली तिकडे वळू. परीक्षा पास झाली म्हणजे सारे झाले का? याच चेन्नईतले उदाहरण घ्या. 2015 साली राज्याच्या वैद्यकीय सेवा भरती मंडळाने परिचारिकांच्या सात हजारांहून अधिक जागांसाठी स्पर्धा परीक्षा घेतली. मुलींनी रात्रंदिवस अभ्यास केला, गुणवत्तेने निवडल्या गेल्या, आणि नेमणूक मिळाली ती कंत्राटी, महिना 7,700 रुपये ठोक पगारावर. शेजारच्या खाटेवर तेच काम करणारी कायम परिचारिका कितीतरी पट पगार घेत होती. 2017 च्या नोव्हेंबरात या मुली तेनामपेटच्या आरोग्य संचालनालयाच्या आवारात धरणे धरून बसल्या. मद्रास उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली, आंदोलन मागे घ्यावे लागले, पण प्रश्न तिथेच मिटला नाही. पुढे ठोक पगार वाढवावा लागला तो या रेट्यामुळे.

तेव्हा जाहिरात वाचणे हाही अभ्यासच आहे. पद कायम की कंत्राटी? वेतनश्रेणी की ठोक रक्कम? किती वर्षांनी कायम करणार, आणि तसे लिहिले आहे की तोंडी सांगितले आहे? तामिळ भाषेची अट आहे का? राज्य सरकारच्या नोकरीत ती असते, आणि आपल्यातील कित्येकजणी अर्ज भरून झाल्यावर ती पाहतात.

खासगीत निराळी दुखणी. आमच्यातील एकीची मूळ प्रमाणपत्रे एका रुग्णालयाने दोन वर्षांच्या बाँडपोटी कपाटात ठेवून घेतली. रेल्वेची परीक्षा ती पास झाली, कागदपत्रांच्या पडताळणीचे पत्र आले, आणि दाखवायला हातात फक्त झेरॉक्स. रुग्णालयाने 50 हजार मागितले. आम्ही अकराजणी तिच्याबरोबर व्यवस्थापकाच्या केबिनबाहेर जाऊन बसलो. कोणी घोषणा दिली नाही, आवाज चढवला नाही. संध्याकाळी साडेसहाला प्रमाणपत्रे मिळाली. ती पडताळणीला वेळेत पोचली. आज ती इथे पुढच्या रांगेत बसली आहे. नाव सांगत नाही, तिने नको म्हटले आहे. युनियनच्या त्या जुन्या मंडळींनी नंतर पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

हे दुखणे एकट्या तिचे नव्हे. 2011-12 मध्ये मुंबई, दिल्ली, केरळ आणि 2012 च्या मार्चमध्ये याच शहरातील खासगी रुग्णालयांतील परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा पगाराइतकीच बाँडची मागणी पुढे होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितले की, 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला 20 हजारांपेक्षा कमी पगार नसावा, आणि 200 हून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतका असावा. ही शिफारस आहे, कायदा नाही. मुलाखतीला जाताना तिची प्रत पर्समध्ये असू द्या. निदान पगार विचारताना आवाज कापणार नाही.

एक सूचना करून थांबतो. पुढचा पाठ पंधरा दिवसांनी, याच जागी, सकाळी दहाला. रात्रपाळीवाल्यांसाठी तोच पाठ दुपारी चारला पुन्हा होईल. येताना नोंदणी प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स आणा आणि नूतनीकरणाची तारीख पाहून ठेवा. मागच्या खेपेला तिघींची मुदत टळलेली निघाली. ज्यांची मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाकडे अडकलेली आहेत त्यांनी आज जाण्यापूर्वी दारापाशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावे. रुग्णालयाचे नाव लिहिण्याची भीती वाटत असेल तर नुसता फोन नंबर लिहा, आम्ही तुमच्याशी बोलून घेऊ.